पेढीचा फोन पेढीवरच

चौविहार पाळणाऱ्या घरात सूर्यास्तानंतर पाण्याचा घोटही घेतला जात नाही. हातातील मोबाईल मात्र मध्यरात्रीपर्यंत उजळत राहतो. दुकानाचे शटर खाली आले, तरी भावाची विचारणा, उधारीची आठवण, मालाची छायाचित्रे आणि नातलगांच्या ग्रुपवरील शुभेच्छा यांचा ओघ थांबत नाही. मुलगा शाळेतील गोष्ट सांगू लागतो. वडील ‘हं’ म्हणतात, पण नजर वर येत नाही. अशा घरांतूनच साध्या, बटणांच्या फोनकडे परतण्याचा विचार पुढे येतो.

व्यापारी कुटुंबांना हा विचार अपरिचित नाही. पूर्वी टेलिफोन गादीजवळ असे आणि चोपडा पेढीवरच राहत असे. हिशेब मिटला, की शेठजी घरी येत ते केवळ पिता, पती आणि पुत्र म्हणून. 1995 मध्ये भारतात मोबाईल सेवा सुरू झाली, तेव्हाही तो फोन मुख्यतः बोलण्यापुरताच होता. पुढे स्मार्टफोनने पेढी, बँक, बाजार आणि करमणूक एकाच खिशात आणून बसविली.

साधा फोन घेतला, तर व्यापार कसा चालावा, ही शंका रास्त आहे. तरीही बारकाईने पाहिल्यास अडचणी वाटतात तितक्या नाहीत. काउंटरवर लावलेल्या क्यूआर कोडवर रक्कम जमा होण्यासाठी मालकाच्या हाती स्मार्टफोन असावा लागत नाही; रक्कम मिळाल्याचे साउंडबॉक्स बोलून सांगतो. ई-वे बिल आणि जीएसटीची विवरणपत्रे संगणकावर भरता येतात. एसएमएसने येणारा ओटीपी साध्या फोनवरही येतो. मार्च 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने सुरू केलेल्या ‘यूपीआय 123पे’ सेवेमुळे बटणांच्या फोनवरून, इंटरनेटशिवाय, पैसे पाठविता येतात. तिची प्रत्येक व्यवहाराची मर्यादा 5,000 रुपयांवरून 10,000 रुपये करण्यात आली आहे.

उरतात त्या व्हॉट्सॲपवरील ऑर्डरी. त्यांच्यासाठी पेढीचा एक स्वतंत्र स्मार्टफोन असावा. तो दुकान वाढविताना चोपड्याप्रमाणेच तेथे ठेवावा आणि घरी येताना खिशात केवळ साधा फोन असावा. त्याचा क्रमांक कुटुंबीय, मुनीम आणि मालवाहू गाडीचे चालक यांच्यापाशी असला, म्हणजे खरी निकड अडत नाही. मात्र बँक खात्याशी जोडलेले सिमकार्ड कोणत्या फोनमध्ये राहणार, हे आधीच निश्चित करावे. अन्यथा व्यवहार एका फोनवर आणि ओटीपी दुसऱ्यावर, अशी ओढाताण होते.

या बदलाची किंमत मोजावी लागते, हेही खरे. परगावी दिलेल्या लेकीचा चेहरा साध्या फोनवर दिसत नाही. अनोळखी शहरात नकाशा हाताशी नसतो. त्यासाठी घरात सर्वांचा मिळून एक स्मार्टफोन किंवा टॅबलेट ठरावीक जागी ठेवता येईल.

एकट्याने न टिकणारा निश्चय सोबतीने टिकतो. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे 2022 मध्ये ग्रामस्थांनी एक उपक्रम आरंभिला. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजला, की दीड तास मोबाईल आणि दूरचित्रवाणी संच बंद ठेवायचे. त्या वेळात मुलांनी अभ्यासाला बसायचे आणि मोठ्यांनीही पडद्यापासून दूर राहायचे. मोठ्यांचा फोन बंद असल्याशिवाय मुलांना सांगण्याचा अधिकार उरत नाही, हे त्या गावाने ओळखले.

श्रावकाच्या व्रतांतील देशावकाशिक व्रत हेच शिकविते. त्यात आपल्या वावराचे क्षेत्र ठरावीक काळापुरते आखडून घ्यावयाचे असते. पाय घरात असले, तरी फोनमधून मन दहा बाजारपेठा फिरत असेल, तर ती मर्यादा पाळली गेली असे कसे म्हणावे? येत्या पर्युषणात एवढा प्रयोग अवश्य करावा: पेढीचा फोन पेढीवर ठेवून घरी यावे आणि मुलाची अर्धवट राहिलेली गोष्ट शेवटपर्यंत ऐकावी.