रात्री दूरची केंद्रे का ऐकू येतात?

मध्यम लहरींवरचा रेडिओ दिवसा लावला, तर बहुधा जवळपासचीच केंद्रे लागतात. दिवस मावळला, की तोच रेडिओ शेकडो किलोमीटरांवरची केंद्रे पकडू लागतो. असे का व्हावे?

१९०१ च्या डिसेंबरात मार्कोनीने इंग्लंडमधून पाठविलेला बिनतारी संदेश अटलांटिक महासागरापलीकडे न्यूफाउंडलंडला मिळाल्याचे जाहीर केले. लहरी तर सरळ रेषेत जातात. मग पृथ्वीच्या गोलाईला वळसा घालून त्या पोचल्या कशा? केनेली आणि हेविसाइड यांनी १९०२ मध्ये स्वतंत्रपणे सुचविले, की उंचावर विद्युत्‌वाहक थर असावा व लहरी त्यावरून परतत असाव्यात.

पण पुरावा? तो अ‍ॅपलटन आणि बार्नेट यांनी १९२४ मध्ये मिळविला. बोर्नमथहून निघालेल्या लहरी त्यांनी ऑक्सफर्डला टिपल्या. एक लहर जमिनीलगत येई, दुसरी वरून परतून. दोघींची शिखरे जुळली, की संदेश जोरदार. एकीचे शिखर दुसरीच्या दरीवर पडले, की क्षीण. तरंगलांबी सावकाश बदलत त्यांनी हे चढउतार मोजले. त्यावरून दोन मार्गांतील फरक कळला आणि थराची उंची सुमारे ९० ते १०० किलोमीटर निघाली. अ‍ॅपलटन यांना १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या भागाला आयनांबर म्हणतात. सूर्याचे अतिनील किरण व क्ष-किरण तेथील अणुरेणूंतून इलेक्ट्रॉन सुटे करतात. हे इलेक्ट्रॉन लहरीबरोबर झुलतात आणि तिला वाकवून जमिनीकडे परत फिरवितात.

मग दिवसा अडचण कोणती? आयनांबराचा सर्वांत खालचा 'डी' थर ६० ते ९० किलोमीटरांवर असतो. तेथे हवा त्यामानाने दाट. झुलणारे इलेक्ट्रॉन रेणूंवर आदळतात, लहरीची ऊर्जा उष्णतेत जाते आणि मध्यम लहर वर पोचण्याआधीच विरते. सूर्य मावळताच 'डी' थरातील इलेक्ट्रॉन आयनांना झपाट्याने मिळतात व थर जवळजवळ नाहीसा होतो. वरच्या विरळ हवेत मात्र पुरेसे इलेक्ट्रॉन रात्रभर टिकतात. वाट मोकळी झालेली लहर तिथवर जाते व दूरवर उतरते.

तुम्हीही पडताळा घ्या. सूर्यास्ताआधी आणि नंतर दोन तासांनी लागणाऱ्या केंद्रांची यादी करा. दूरच्या केंद्राचा आवाज मधूनच चढतो-उतरतो, तेही ऐका. वेगवेगळ्या मार्गांनी आलेल्या लहरी तेथे एकमेकींना भेटत असतात!