रजई शिवणारे यंत्र एकाएकी का थांबते?

दोन कापडांमध्ये कापसाचा थर घालून तिन्ही थर टाक्यांनी बांधून टाकण्याचे काम आपल्याकडील गोधडी शिवणाऱ्या स्त्रिया धावदोऱ्याने करीत आल्या आहेत. हेच काम यंत्राकडून करवून घ्यावयाचे झाल्यास दोन दोऱ्यांचा परस्परांत गुंतणारा टाका वापरावा लागतो, आणि यंत्राच्या बिघाडांची बरीचशी कारणे या फरकातच आढळतात. हातातील सुईला एकच दोरा पुरतो. यंत्राच्या सुईने खाली नेलेल्या दोऱ्याला मात्र खालून कोणीतरी नेमक्या वेळी येऊन भेटावे लागते.

ही भेट किती अल्पकाळात घडते याचा हिशेब उद्बोधक आहे. इलायस हाव यांनी १८४६ साली अमेरिकेत पेटंट घेतलेल्या यंत्रात खालचा दोरा धोट्याने नेला जाई. अ‍ॅलन विल्सन यांनी १८५१ साली त्याऐवजी फिरता हूक आणला, आणि आजची रजई शिवणारी मोठी यंत्रे त्याच तत्त्वावर चालतात. सुई तळास जाऊन सुमारे दोन मिलिमीटर वर येते, तेव्हा नेढ्याजवळ दोऱ्याचा लहानसा फास उघडतो, आणि हुकाचे टोक तो फास उचलून बॉबिनभोवती फिरवते. एका टाक्यामागे हुकाचे दोन फेरे होतात. मिनिटास १५०० टाके पडत असतील तर एका टाक्यास ४० मिलिसेकंद मिळतात. सुईची एकूण धाव ३५ मिलिमीटर आणि तिची गती साधे दोलन मानली, तर तळापासून दोन मिलिमीटर वर येण्यास जेमतेम तीन मिलिसेकंद लागतात. कारागीर ज्याला ‘टायमिंग’ म्हणतात तो हाच कालमेळ होय.

यंत्र थांबले की टायमिंग बिघडले असे मानून हुकाचे स्क्रू सैल करण्याची घाई सर्वत्र दिसून येते. ती अनिष्ट होय. कारण मूळ दोष दुसरीकडे असल्यास तो तसाच राहतो आणि सुस्थितीत असलेला कालमेळ मात्र नाहीसा होतो. फ्रेमवर अर्धी शिवलेली रजई ताणलेली असते, तिच्यात कित्येक आठवड्यांचे श्रम असतात. अशा वेळी कापड ओढून मोकळे करण्याचा मोहही आवरला पाहिजे.

प्रथम विजेचा प्लग काढावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. मग हाताने चाक हळूच फिरवून पाहावे. गतीची साखळी मोटारीपासून सुईपर्यंत आणि हुकापर्यंत जाते. ती कोठे तुटली आहे याचा निर्णय या एका परीक्षेने बराचसा होतो.

चाक मुळीच फिरत नसेल तर बहुधा हुकात दोरा अडकलेला असतो. येथे लक्षण आणि कारण यांची गल्लत होते. कापडाखाली दोऱ्यांचा गुंता दिसतो म्हणून दोष बॉबिनच्या माथी मारला जातो. वस्तुतः तो पुष्कळदा वरच्या दोऱ्यात असतो. प्रत्येक टाक्यानंतर सैल दोरा वर ओढून घेणाऱ्या दांडीतून किंवा ताण देणाऱ्या चकत्यांमधून दोरा निसटला, की फास आवळला जात नाही. तो खालीच राहतो आणि हूक त्याला पुढच्या फेऱ्यात पुन्हा गुंडाळतो. असे काही टाके पडले की हूक जखडून जातो. कापडाखालचे दोरे कापावेत, बॉबिन केस काढून घ्यावी, आणि चाक जोर न लावता थोडे पुढे, थोडे मागे करीत दोऱ्याचे तुकडे चिमट्याने काढावेत. तंतूंचा साठलेला पुंजका आणि वाळून चिकट झालेले जुने तेल यांनीही चाक जड होते, परंतु ते एकाएकी होत नाही.

चाक फिरते पण सुई हलत नाही, असे आढळल्यास घरगुती यंत्रात आधी चाकाच्या मध्यावरील स्क्रू पाहावा. बॉबिन भरताना तो सैल केलेला असतो आणि पुन्हा आवळावयाचे राहून जाते.

दोन्ही मोकळेपणाने फिरत असल्यास यांत्रिक भाग बहुधा निर्दोष समजावा. मोटार नुसती गुणगुणत असेल व ती एककला प्रवर्तन जातीची असेल तर संधारित्राचा संशय घ्यावा. मात्र संधारित्रात प्लग काढल्यावरही विद्युत्‌भार राहू शकतो, म्हणून तो जाणकारानेच हाताळावा. मोटार पूर्ण निःशब्द असेल तर फ्यूज, पायाच्या कळीची तार, आणि ब्रश असलेल्या मोटारीत झिजलेले कार्बन ब्रश या क्रमाने जावे. फ्रेमवरील यंत्रांत आणखी एक फसवा प्रकार आढळतो. टाक्यांची लांबी सारखी राखणारी योजना गाडीचे सरकणे मोजते आणि त्यानुसार मोटारीस आज्ञा देते. मोजणाऱ्या चाकाची तार निसटली, तर गाडी स्थिर आहे असे यंत्र समजते व टाका घालीत नाही. ही योजना बंद करून ठराविक वेगाने चालवताच सुई चालू लागली, तर मोटार निर्दोष ठरते.

कालमेळ खरोखरच ढळतो तो बहुधा सुई आदळल्यानंतर. सुई कापडात असताना गाडी सरकली की सुई वाकते आणि जाळीवर किंवा हुकावर आपटते. १०० क्रमांकाच्या सुईचा व्यास १ मिलिमीटर, ११० ची १·१. गोल दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात वाढत असल्याने दुसरी सुई सुमारे ४६ टक्के अधिक ताठ असते. जाड थरांसाठी जाड सुई घेण्याचे कारण हेच. आघात झाल्यावर हुकाचे टोक भिंगाखाली पाहावे, नवी सुई बसवावी, आणि मगच कालमेळ तपासावा. वाकलेल्या सुईवर जुळवलेला कालमेळ सरळ सुईला जुळणार नाही.

दुरुस्तीनंतर चाक हाताने काही फेरे फिरवून मग यंत्र मंद गतीने चालवावे. चाचणीसाठी त्याच तीन थरांचा तुकडा घ्यावा. एकेरी कापडावर सुई वाकत नाही आणि दोष असला तरी दिसत नाही.