पहिली नोकरी आणि पंधरवड्याचे गणित

निवासी शाळेतील दिवस घंटेच्या टोलांवर चालतो. पहाटे उठणे, वंदना, व्यायाम, न्याहारी, तासिका, खेळ, संध्याकाळचा अभ्यास आणि शेवटी दिवे मालवणे, यांतील प्रत्येक गोष्टीची वेळ कोणीतरी आधीच ठरवलेली असते. शाळा सुटते, पहिली नोकरी लागते आणि घंटा थांबते. तिच्या जागी दोन नवे धनी येतात : एक कामाची पाळी आणि दुसरा हातातील मोबाईल. माजी विद्यार्थ्यांच्या भेटीगाठींत आमच्या कानावर येणारी तक्रार म्हणूनच जवळजवळ एकच असते : वेळ पुरत नाही. नोकरी टिकवायची आहे, पोलीस भरतीसाठी किंवा केवळ निरोगी राहण्यासाठी शरीर कमवायचे आहे आणि शाळेच्या संगणक कक्षात लागलेली गोडीही सुटू द्यायची नाही. तिन्ही गोष्टी हव्याशा आहेत, तिन्ही चांगल्या आहेत आणि तिन्ही एकाच दिवसावर हक्क सांगतात.

प्रस्तुत लेखात आम्ही एकच विचार मांडू इच्छितो. या तिन्हींचा तोल एका दिवसात साधत नाही. तो पंधरवड्यात साधतो. पंधरवडा मोजण्याचे एक उत्तम साधन रायगडच्या किनाऱ्यावरील माणसांपाशी पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्याचा उपयोग कसा करावा, हे पुढे पाहू.

कामाच्या तासांना मर्यादा कशी आली?

कामावरून सुटल्यानंतरचा वेळ आपला असतो, ही गोष्ट आज आपण गृहीत धरतो. परंतु हा वेळ कोणी दान दिलेला नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी १८९० च्या जून महिन्यात मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी अनेक वर्षे चालवलेल्या लढ्यानंतर. १९३४ च्या कारखाना कायद्यानुसार बारमाही कारखान्यांतील कामगारांचा आठवडा ५४ तासांचा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखात्याचे सदस्य होते. त्यांनी मांडलेल्या दुरुस्तीने १९४६ मध्ये तो ४८ तासांवर आला आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने हीच मर्यादा कायम ठेवली.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण आहे. बाबासाहेबांच्या जयंतीला अनेक ठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. अभिवादन म्हणून तो फार मोलाचा आहे. पण काही तरुण त्यालाच रोजचे माप समजतात आणि आठ तास नोकरी, दोन तास व्यायाम व पाच तास संगणक असा दिवस आखून झोपेला पाच-सहा तास उरवतात. परळच्या चाळीतील एका खोलीत पहाटे दोनला उठून अभ्यास करणाऱ्या भीमरावांनी ते केले, कारण दिवसा त्या खोलीत शांतता नव्हती. पुढे हाती अधिकार आला तेव्हा त्याच पुरुषाने कामाचे तास कमी करणारे विधेयक मांडले. श्रमणाऱ्या माणसाला विश्रांती आणि स्वतःच्या विकासासाठी वेळ हवा, हा त्या विधेयकाचा आशय आपणही स्वतःला लागू केला पाहिजे.

आठवड्याचे १६८ तास

आता थोडा हिशेब मांडू. आठवड्यात १६८ तास असतात. कामाचे ४८ आणि रोज आठ तास झोपेचे ५६ वजा केले की ६४ उरतात. सहा दिवस जाण्यायेण्याला रोज दोन तास धरले तर १२ गेले. आंघोळ, जेवण आणि घरची कामे यांना रोज तीन तास, म्हणजे २१ गेले. तरीही आठवड्याला ३१ तास शिल्लक राहतात, पंधरवड्याला ६२. वेळ नाही असे नाही. तो सलग नाही आणि रोज त्याच ठिकाणी सापडत नाही, ही खरी अडचण आहे.

थळचा खत कारखाना, डोलवीचा पोलाद कारखाना, नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प, उरणजवळचे जवाहरलाल नेहरू बंदर, ही सारी ठिकाणे रात्रंदिवस चालतात. तेथे किंवा त्यांच्या आधाराने वाढलेल्या लहानमोठ्या उद्योगांत लागलेल्या आपल्या मुलामुलींना पहिली, दुसरी आणि रात्रपाळी अशा फिरत्या वेळा असतात. 'रोज पहाटे साडेपाचला धावणार' हा संकल्प अशा माणसाने केला, तर रात्रपाळीच्या पहिल्याच आठवड्यात तो मोडतो. संकल्प मोडला की माणूस स्वतःला दोष देतो आणि व्यायामच सोडतो. दोष त्याच्या निश्चयात नसून मापात असतो.

तिथीची पाऊणपट

समुद्रकाठच्या माणसाला न मोडणारे, पण रोज सरकणारे वेळापत्रक नवे नाही. भरती-ओहोटी दिवसातून दोन-दोन वेळा होते आणि रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते. कोळी बांधवांचा जुना ठोकताळा असा की, तिथीची पाऊणपट करावी. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा : म्हणजे सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा : म्हणजे ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सव्वापाचच्या पुढेमागे. दोन्ही पक्षांत मोजणी प्रतिपदेपासून नव्याने सुरू करायची. आपल्या शाळेतील मुलांना तिथी शिकवावी लागत नाही. अष्टमी, पौर्णिमा आणि अमावास्या हे उपोसथाचे दिवस म्हणून त्यांच्या परिचयाचेच असतात.

धावणाऱ्यासाठी या गणिताला मोठा अर्थ आहे. ओहोटीनंतर उघडी पडलेली ओली वाळू घट्ट असते आणि तीवर पाय रुतत नाही. वरची कोरडी वाळू भुसभुशीत. तीवर पोटऱ्या आणि घोट्यांवर अधिक ताण येतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जसे जास्त चढते तसेच जास्त ओसरते, म्हणून त्या दिवसांत पहाटे आणि संध्याकाळी किनारा सर्वांत रुंद मिळतो. त्रयोदशीपासून पुढच्या द्वितीयेपर्यंतचे दिवस अलिबाग, नागाव, मुरुड, श्रीवर्धन अशा किनाऱ्यांवर धावण्याचे दिवस होत. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या भरतीच्या दिवसांत, सकाळ-संध्याकाळ पाणी वर असते. तेव्हा दंड, बैठका, गोळाफेकीचा सराव किंवा मैदानावरची कबड्डी करावी.

अशा रीतीने पंधरवड्याचे आपोआप दोन भाग पडतात : एक धावण्याचा आणि एक ताकदीचा. जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शनही याच दिशेचे आहे. प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा, असे ती सांगते. म्हणून धावण्याच्या भागात ताकदीचे दोन दिवस आणि ताकदीच्या भागात रस्त्यावरची किंवा मैदानावरची थोडी धाव ठेवावी. पोलीस शिपाई पदासाठी तयारी करणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे की, शारीरिक चाचणीचे गुण ५० आणि लेखी परीक्षेचे १०० आहेत. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर धाव आणि गोळाफेक असते. सगळा वेळ धावण्यातच घालवणारा उमेदवार दोन तृतीयांश गुणांकडे पाठ फिरवतो.

एक इशारा आवश्यक आहे. पाऊणपटीचा नियम अंदाजाचा आहे. पाण्यात उतरण्यासाठी किंवा कुलाबा किल्ल्याकडे चालत जाण्यासाठी त्यावर विसंबू नये. त्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके आहेत आणि गावातील जाणते मच्छीमार आहेत. पावसाळ्यात तर किनाऱ्यापासून दूरच राहावे.

छंद कशाला म्हणावे?

संगणकाच्या छंदाबद्दल घरोघरी गैरसमज आहे. पालकांना पडद्यासमोर बसलेला मुलगा दिसतो. तो काही घडवतो आहे की नुसता पाहतो आहे, हे दुरून कळत नाही. आमची कसोटी साधी आहे. तास संपल्यावर काही शिल्लक राहिले का? एखादे चित्र, एखादा दुरुस्त झालेला जुना संगणक, चालणारी चार ओळींची आज्ञावली, विकिपीडियावर मराठीत लिहिलेला एक परिच्छेद, असे काही राहिले तर तो छंद. काहीच राहिले नाही तर तो विरंगुळा. विरंगुळाही माणसाला लागतो, पण त्याला छंदाचे तास देऊ नयेत. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने छंद म्हणून एक कार्यप्रणाली लिहायला घेतली. तीच पुढे लिनक्स म्हणून जगभर पसरली आणि आज अनेक जुन्या संगणकांवरही ती विनामूल्य बसवता येते. महागडे यंत्र हप्त्याने घेतल्याशिवाय छंद सुरू होत नाही, ही समजूत त्यामुळे निराधार ठरते.

पहिला प्रयोग म्हणून आम्ही एक काम सुचवतो. लिब्रेऑफिससारख्या विनामूल्य साधनात एक तक्ता करावा. पहिल्या स्तंभात तारीख, दुसऱ्यात तिथीचा अंक, तिसऱ्यात आपली पाळी. चौथ्या स्तंभात तिथीला ०.७५ ने गुणून भरतीची वेळ काढावी. पाचव्यात तीत सहा मिळवून ओहोटीची वेळ काढावी आणि बेरीज बाराच्या पुढे गेली तर बारा वजा करावेत. ११.२५ म्हणजे सव्वाअकरा, हे उत्तर वाचताना विसरू नये. सहाव्या स्तंभात, पाळी आणि ओहोटी पाहून, त्या दिवशी धावणे, ताकद, छंद की विश्रांती ते लिहावे. पुढचा टप्पा म्हणजे किनाऱ्यावर प्रत्यक्ष दिसलेली ओहोटीची वेळ सातव्या स्तंभात नोंदवणे. दोन महिन्यांत नियम आणि निरीक्षण यांतील फरक दिसू लागेल आणि तो का पडतो, असा प्रश्न पडेल. हा प्रश्न पडणे हेच संगणकाचे खरे शिक्षण आहे. नोकरीत पुढे जाण्यासाठी तक्त्याचे हे कौशल्य उपयोगी पडते, हा आणखी एक लाभ.

सोणाची वीणा

विनयपिटकात सोण कोळीविस नावाच्या भिक्खूची कथा आहे. श्रीमंताघरचा, पायाचे तळवेही कोवळे असलेला हा तरुण संघात आल्यावर इतक्या उत्साहाने चंक्रमण करू लागला की, चालून चालून त्याचे पाय रक्तबंबाळ झाले. तरी मन मुक्त होईना, तेव्हा घरी परत जावे असे त्याला वाटू लागले. तथागतांनी त्याला उपदेश करण्यापूर्वी त्याच्याच छंदाविषयी विचारले, कारण सोण पूर्वी वीणा उत्तम वाजवीत असे. तार फार ताणली तर वीणा वाजते का? फार सैल सोडली तर? दोन्ही प्रश्नांचे उत्तर सोणाला हातांनी ठाऊक होते.

आजच्या सोणांचे पाय दोन ठिकाणी रक्ताळतात. एक, नवी नोकरी लागताच एकदम रोज दहा किलोमीटर धावू पाहणाऱ्यांचे. नडगीचे दुखणे घेऊन ते महिनाभर बसून राहतात. दुसरे, रात्रपाळी करून आल्यावर झोप न घेता व्यायाम आणि त्यानंतर संगणक करणाऱ्यांचे. प्रौढाला रोज किमान सात तास झोप लागते, मग ती रात्री मिळो वा दिवसा. रात्रपाळीच्या आठवड्यात खोलीत अंधार करून आधी झोपावे, उठल्यावर हलका व्यायाम करावा आणि छंदाला अर्धा तासच द्यावा. डोळ्यांवर झोप असताना मुंबई-गोवा महामार्गावर दुचाकी हाकू नये. जी तार तुटते ती पुन्हा जोडता येते, प्राण जोडता येत नाही.

घराचा वाटा

हा सारा हिशेब मुलींच्या बाबतीत अनेकदा पहिल्याच पायरीवर बिघडतो. नोकरीवरून परतलेला मुलगा जोडे बांधून धावायला जातो. तितकीच दमलेली मुलगी भाकऱ्या थापायला बसते. मग तिच्या घरकामाचे २१ तास ३५ होतात, आणि १४ तासांची ही वाढ तिच्या व्यायामातून आणि छंदातून कापली जाते. पालकांना आमची विनंती आहे की, तक्ता करायचा तर तो घरातील सर्वांचा करावा. भांडी आणि पाणी यांचेही स्तंभ त्यात असावेत आणि त्यांपुढे मुलांची नावेही असावीत.

आखणी करताना चार गोष्टींचा क्रम पाळावा. प्रथम झोप लिहावी, मग पाळी, मग व्यायाम आणि शेवटी छंद. पहिल्या दोन जागा हलवू नयेत. नंतरच्या दोन भरतीसारख्या सरकू द्याव्यात, पण पुसू नयेत. ज्या दिवशी तास मिळणार नाही त्या दिवशी दहा मिनिटे द्यावीत. पंधरवडा संपल्यावर, पौर्णिमेला किंवा अमावास्येला, तक्ता उघडून घरच्यांसह पाहावा. त्यात निम्म्याहून अधिक चौकटी भरलेल्या असतील तर तोल साधतो आहे असे समजावे आणि रिकाम्या राहिलेल्या चौकटींबद्दल खंत न करता पुढच्या प्रतिपदेला नवा तक्ता मांडावा.