प्राध्यापकांची प्लेसमेंट

प्लेसमेंट सीझन आला की आपण सीव्ही घासूनपुसून तयार करतो. पण नोकरी, लॅब आणि देश एकदमच सुटलेल्या प्राध्यापकाने सीव्हीत काय लिहायचं? या प्रश्नामुळेच मी हा विषय वाचायला घेतला.

१९३३ मध्ये हिटलरच्या सरकारने ज्यू प्राध्यापकांना नोकरीवरून काढलं. फ्रँकफर्टहून निसटलेल्या डॉ. फिलिप श्वार्ट्झ यांनी झुरिकमध्ये संघटना काढून कितीतरी जणांना इस्तंबूल विद्यापीठात जागा मिळवून दिल्या. मॅक्स बॉर्न तर १९३५-३६ मध्ये आपल्या बंगलोरला आले होते. सी. व्ही. रामन यांनी त्यांना कायम ठेवायची खटपट केली, पण जमलं नाही. कायमची जागा एडिंबरोने दिली.

२०१५ मध्ये जर्मनीच्या हुम्बोल्ट फाउंडेशनने श्वार्ट्झ यांच्याच नावाने फेलोशिप सुरू केली. तिचा अर्ज संशोधकाने नाही, विद्यापीठाने करायचा. मुदत साधारण दोन वर्षं. मग पुढे? त्यासाठीच विद्यापीठं कार्यशाळा घेतात: सीव्हीतली गॅप कशी मांडायची, रिसर्च प्रपोजल तिथल्या पद्धतीने कसं लिहायचं, कंपनीत जायचं तर मुलाखत कशी द्यायची.

डोक्यातला विषय सरहद्द ओलांडून येतो हो; शिफारसपत्र देणारे गाईड आणि ओळखीपाळखी मागेच राहतात. म्हणून मला वाटतं, नुसती खुर्ची देऊन भागत नाही, पुढची खुर्ची मिळवायची वाटही दाखवावी लागते.