वारा ढकलतो, टायर सावरतो

बोरिवलीहून दहिसर नाका ओलांडून काशिमिरा मागे टाकला की वसईच्या खाडीवरचा वर्सोवा पूल लागतो. तोवर दोन्ही बाजूंच्या इमारतींनी वारा अडवलेला असतो. पुलावर अडवायला काहीच नाही. पावसाळ्यात नैऋत्येचा झोत थेट डाव्या अंगावर येतो आणि गाडी नकळत उजवीकडे सरकते. घाटकोपर-चेंबूरकडून निघणाऱ्यांना असाच झटका वाशीच्या खाडीपुलावर बसतो, फक्त तिथे वारा उजवीकडून येतो. सी लिंक, अटल सेतू आणि पुण्याचा द्रुतगती मार्ग दुचाकींना बंद आहेत. त्यामुळे लांबच्या सफरीवर निघालेल्या उपनगरातल्या बायकरला जुने पूल, जुना पुणे महामार्ग, अहमदाबाद आणि नाशिकचे रस्ते हेच पर्याय उरतात. गाडी हलली की खापर वाऱ्यावर फुटतं. पण वाऱ्याने दिलेला प्रत्येक धक्का शेवटी जमिनीला टेकलेल्या दोन तुकड्यांनीच झेलायचा असतो, आणि हे तुकडे म्हणजे प्रत्येक टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग. त्या टायरची अवस्था कशी आहे, हे निघण्याआधी फार थोडे जण पाहतात.

वाऱ्याबद्दलचा सगळ्यांत लाडका समज म्हणजे, ‘बुलेट जड आहे, ती वाऱ्याला हलत नाही.’ रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 चं वजन 195 किलो भरतं. 110-125 सीसीच्या कम्युटर गाडीपेक्षा ती शांत वाटते, हे खरंच. पण वारा वजन बघत नाही. गाडी आणि स्वार मिळून बाजूने केवढं क्षेत्रफळ त्याच्यासमोर येतं आणि झोत कुठे लागतो, यावर धक्का ठरतो. मोठं फेअरिंग, उंच काच, दोन्ही बाजूंना सॅडल बॅगा आणि मागे डबलसीट असेल, तर वजनासोबत वाऱ्याला अडणारी भिंतही वाढलेली असते. शिवाय स्वाराचा स्वतःचा वेगही त्यात मिसळतो. ताशी 80 किलोमीटरने जाणाऱ्या गाडीवर बाजूने 40 चा वारा आला, तर गाडीला प्रत्यक्षात सुमारे 89 चा वारा लागतो, तोही समोरून 27 अंश तिरका. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. 60 वरून 90 वर गेलात की तो सव्वादोन पट होतो. म्हणून जोराच्या वाऱ्यात वेग दहा-पंधराने उतरवला तरी फरक लगेच हाताला जाणवतो.

‘वारा आला की हँडल घट्ट धरायचं’ हा सल्ला तर बहुतेकांनी थोरल्या भावाकडून किंवा मित्राकडून ऐकलेला असतो. परिणाम नेमका उलटा होतो. खांदे आणि कोपर ताठ झाले की वाऱ्याने अंगाला दिलेला प्रत्येक हिसका हातांतून हँडलमध्ये उतरतो. मोटरसायकल आडव्या वाऱ्यात किंचित वाऱ्याच्या दिशेने कलून सरळ जाते. तिला तो कल घेऊ द्यायचा असतो. वारा डावीकडून असेल तर डाव्या मुठीवर हलका पुढे दाब द्यावा, गाडी डावीकडे कलते. मूठ डावीकडची पुढे ढकलायची आणि वळायचंही डावीकडेच, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण अजाणता प्रत्येक सायकलस्वार तेच करतो. विमान उडवण्याआधी सायकलींचं दुकान चालवणारे विल्बर राइट लोकांना विचारत की तुम्ही सायकल डावीकडे वळवता कशी. सगळं बरोबर सांगणारा त्यांना कुणी भेटला नाही.

कंटेनरच्या बाबतीतही असाच अर्धवट समज आहे. अहमदाबाद महामार्गावर मनोर-चारोटीच्या पट्ट्यात लांबलचक कंटेनर ओलांडताना अनेकांना वाटतं की धोका त्याच्या मागून निघताना संपला. प्रत्यक्षात वारा पलीकडून येत असेल, तर कंटेनरच्या आडोशाला गाडी निवांत असते, कल घेतलेला नसतो, आणि केबिनच्या पुढे येताच आडवा वारा आणि ट्रकच्या तोंडाने बाजूला फेकलेली हवा एकदम आदळतात. ओलांडताना बाजूला भरपूर जागा ठेवावी आणि केबिनच्या पुढे निघतानाचा तो क्षण आधीच धरून चालावा. घाटमाथ्यावर हेच काम डोंगर करतो. नाणेघाटात पावसाळ्यात धबधब्याचं पाणी वाऱ्याने उलटं वर उडतं, ते पाहायला गर्दी होते. त्याच डोंगररांगेतल्या माळशेज घाटात डोंगराच्या आडून मोकळ्यावर येणाऱ्या गाडीला तोच वारा भेटतो. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभारलेल्या नाहीत. ठोसेघर पाहून तिकडे चढणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

वाऱ्यावर ढकलला जाणारा आणखी एक दोष बहुधा सामानाचा असतो. वेग वाढला की गाडीचा मागचा भाग सावकाश डोलू लागतो आणि पाठोपाठ सगळी गाडी लहरते. रॉबिन शार्प या ब्रिटिश अभियंत्याने 1971 मध्ये मोटरसायकलच्या स्थैर्याचं गणित मांडलं. त्यात ही सगळ्या गाडीची संथ लहर आणि फक्त हँडलची जलद थरथर, हे दोन वेगळे प्रकार दाखवले. संथ लहरीला खतपाणी घालते ती मागच्या आसाच्याही मागे, उंचावर लादलेली जड पेटी. तिच्या वजनाने पुढचं चाक हलकं होतं, आणि वाराही नेमका तिथेच धरतो. जड वस्तू टॉप बॉक्समध्ये कोंबण्यापेक्षा बाजूच्या बॅगांत, खाली आणि पुढे ठेवाव्यात. लहर सुरू झालीच तर करकचून ब्रेक लावू नये. मुठी सैल सोडाव्यात, अंग पुढे झुकवावं, थ्रॉटल हळूहळू कमी करावा.

आता हवेचा दाब. इथला समज सगळ्यांत घातक आहे, कारण तो काळजीपोटीच पाळला जातो: ‘उन्हाळ्यात टायर तापून फुटतो, म्हणून हवा कमी ठेवा.’ टायरच्या आत उष्णता प्रामुख्याने तयार होते ती रबर आणि आतले धागे सतत वाकण्यातून. हवा कमी तर बाजूची भिंत जास्त वाकते, आणि जास्त वाकली की जास्त तापते. म्हणजे फुटण्याच्या भीतीने हवा सोडणारा माणूस टायर फुटण्याची सोयच करत असतो. वर गाडी आळसटते, वळणात उशिरा झुकते, आणि आडव्या वाऱ्यात डोलते ते वेगळंच.

हिशेब अगदी साधा आहे. समजा अंधेरीतून पहाटे निघताना 30 अंश तापमानाला मागच्या टायरमध्ये 32 पीएसआय हवा आहे. वाटेत आतली हवा 60 अंशांवर गेली, तर तोच दाब साडेछत्तीसच्या आसपास दिसेल. मनोरच्या पंपावर काटा बघून कुणी साडेचार पीएसआय सोडून दिले, तर टायर थंड झाल्यावर आत उरतात जेमतेम 28. कंपनीने स्विंगआर्मवर किंवा चेन कव्हरवर चिकटवलेल्या पट्टीवरचा आकडा थंड टायरचा असतो. तापल्यावरची वाढ त्यात धरलेलीच असते. डबलसीट आणि सामान असेल तर पट्टीवर मागच्या चाकासाठी बहुधा वेगळा, मोठा आकडा दिलेला असतो. तो न वाचता एकट्याच्या हवेवर जोडीने गोवा गाठणारे खूप आहेत. पंपावरचे काटे नेहमी अचूक नसतात. त्यामुळे स्वतःचा छोटा गेज जवळ असावा आणि हवा निघण्याआधी, घराखालीच मोजावी.

नायट्रोजन भरला की चिंता मिटली, असंही नाही. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो. कोरड्या नायट्रोजनमुळे ओलावा टळतो, एवढा फायदा खरा. तापल्यावर दाब मात्र त्याचाही वाढतो.

टायर जाडजूड तितका पकडीला चांगला, हा समज उपनगरातल्या दुकानांत रोज विकला जातो. क्लासिकच्या मागच्या चाकाला 120 मिलिमीटर रुंदीचा टायर येतो. त्याच रिमवर 140 चा चढवला की तो दोन्ही बाजूंनी आवळला जातो, त्याची गोलाई बिघडते आणि गाडी झुकायला जड होते. टायर बदलताना रुंदीइतकंच त्यावरच्या अक्षरांकडे बघावं. ‘पी’ म्हणजे ताशी 150, ‘एच’ म्हणजे 210 किलोमीटरपर्यंत चालणारा. चार आकडी शिक्का ‘2319’ असेल तर तो 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी शाबूत दिसते म्हणून सात वर्षं जुना टायर चांगला ठरत नाही. रबर कडक झालेलं असतं आणि ओल्या रस्त्यावर ते दगा देतं.

रोज पश्चिम किंवा पूर्व द्रुतगती महामार्गावर सरळ धावणाऱ्या गाडीचा टायर मध्येच झिजून सपाट होतो. शहरात ते जाणवत नाही. घाटात मात्र गाडी झुकताना त्या सपाट भागाच्या कडेवरून एकदम पडल्यासारखी घसरते, आणि स्वार पुन्हा वाऱ्यालाच दोष देतो. नवा टायरही पहिल्या क्षणापासून पूर्ण पकड देत नाही. पृष्ठभागावरचा गुळगुळीतपणा जायला शे-दीडशे किलोमीटर लागतात. शुक्रवारी रात्री टायर बदलून शनिवारी पहाटे निघालेल्या मुलुंडच्या गाडीचं तेवढं अंतर पुरं होतं ते नाशिकला पोहोचता पोहोचता, आणि कसारा घाट त्याच्या बराच आधी लागतो.