उंबरठ्यावरची मुले आणि आपले कर्तव्य



या स्मरणिकेत आजवर बाजारपेठ, करआकारणी, तोलाई-हमाली व गोदामे या विषयांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. यंदा संपादक मंडळाने आग्रह केल्यावरून मी दुकानातला विषय बाजूस ठेवून घरातल्या एका विषयावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतच झाले आहे, तेव्हा शिक्षणशास्त्रावर बोलण्याचा अधिकार मला नाही. परंतु दोन मुलगे, एक पुतण्या आणि आता एक नात एवढी मुले माझ्या डोळ्यांदेखत सोळा ते अठरा या वयातून गेली. त्यांच्या बाबतीत माझ्या हातून ज्या चुका घडल्या, त्या इतरांच्या हातून घडू नयेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्या पेढीवर नवा मुलगा कामास ठेवला म्हणजे आपण त्याला पहिल्याच दिवशी तिजोरीची किल्ली देत नाही. आधी तो काट्यावर उभा राहतो, मग चिठ्ठ्या लिहितो, मग उधारीची वही सांभाळतो आणि चार वर्षे प्रामाणिकपणे काढली म्हणजे गल्ल्यावर बसतो. हा क्रम आपल्याला कोणी शिकविला नाही. तो व्यवहारानेच शिकविला आहे. नवल असे की, परक्याच्या मुलास लावलेला हा नियम आपण स्वतःच्या मुलास लावीत नाही. वाहनाच्या बाबतीत, जेथे लगाम हवा तेथे, आपण तो सैल सोडतो; आणि पुढील शिक्षणाच्या निवडीत, जेथे तो सैल सोडावयाचा, तेथे मात्र ताणून धरतो. माझ्या सर्व चुकांचे मूळ या उलट्या व्यवहारात होते.

परीक्षेचा हंगाम

आपल्या भागात पौष-माघात तुरीची आवक जोर धरते आणि पाठोपाठ हरभरा येतो. दहावी व बारावीच्या परीक्षाही नेमक्या त्याच सुमारास, फेब्रुवारी अखेरीपासून एप्रिलपर्यंत, असतात. म्हणजे आपला हंगाम आणि मुलांचा हंगाम एकच. दुकानात माणूस कमी पडला की आपण घरी निरोप धाडतो, "अर्धा तास चिठ्ठ्या लिहायला पाठव." त्या अर्ध्या तासाची दुपार केव्हा होते हे आपल्याला कळतही नाही. माझे पहिले सांगणे हे की, परीक्षेच्या आधीचे तीन महिने मुलास दुकानाच्या हिशेबातून वजा करावे. रोजंदारीचा माणूस मिळतो; गेलेला मार्च महिना मिळत नाही.

दुसरे असे की, लातूरचा भाव काय, सोलापूरचा भाव काय, म्हणून दर तासाला विचारण्याची आपल्याला सवय जडलेली असते. त्याच सवयीने आपण मुलास "किती झाले? किती राहिले?" असे विचारीत राहतो. पण भाव विचारल्याने माल वाढत नाही. आठवड्यातून एकदा शांतपणे बसून विचारावे, एरवी गप्प राहावे. या वयात आठ तासांहून कमी झोप पुरत नाही, असे डॉक्टर सांगतात. तेव्हा रात्री दोनपर्यंत दिवा जळतो याचा अभिमान बाळगू नये. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याचा आपल्या घरांचा रिवाज आहे आणि शिकवणी मात्र सायंकाळी सात वाजता सुटते. अशा वेळी मुलास उपाशी अभ्यास करावा लागू नये, म्हणून शिकवणी सकाळची घ्यावी किंवा शिक्षकांशी बोलून वेळ बदलून घ्यावी. ही तजवीज वडीलधाऱ्यांनी करावयाची आहे, मुलाने नव्हे.

मराठी माध्यमातून दहावी होणाऱ्या आपल्या मुलांची एक निराळी अडचण आहे. दहावीस प्रथम भाषा मराठी १२५ गुणांची असते व सर्व विषय मिळून ६२५ गुण होतात. तेथवर मूल सुखाने येते. पुढे पदवीपूर्व वर्गात विज्ञान शाखा घेतली की बहुतेक ठिकाणी शिकविणे इंग्रजीतून, कचेरीतील कागद कानडीत आणि घरची भाषा मराठी. पहिल्या सहामाहीत गुण घसरले म्हणजे मुलाची बुद्धी घसरली असे नव्हे. त्याची भाषा बदलली आहे. हे ओळखून दहावीनंतरच्या सुट्टीत शास्त्र व गणितातील इंग्रजी शब्द त्याच्याकडून पाठ करून घेतले, तर पुष्कळसा भार हलका होतो.

आणि निकाल मनाजोगता लागला नाही तर? कर्नाटकात २०२४ सालापासून या परीक्षा एकाच वर्षी एकाहून अधिक वेळा घेतल्या जाऊ लागल्या आहेत. वर्ष बुडालेच असे आता राहिले नाही. उत्तरपत्रिकेची प्रत मागविता येते, फेरतपासणीही करविता येते. निकालाच्या दिवशी मुलास एकटे सोडू नये आणि त्याच्यादेखत दुसऱ्याच्या मुलाचे गुण उच्चारू नयेत. मूल अगदीच मिटून गेले, खाणेपिणे सोडून बसले, तर लाज न बाळगता मदत घ्यावी. भारत सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून अहोरात्र व विनामूल्य चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असा आहे. तो घरात लिहून ठेवावा.

किल्ली खुंटीवर

आता जे लिहावयाचे ते लिहिताना आजही हात थबकतो. आपले राजेश्वर हे सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावरचे गाव. या रस्त्यास पूर्वी ९ क्रमांक होता, आता ६५ आहे. रात्रंदिवस मालमोटारी धावतात आणि साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की उसाने लादलेल्या गाड्यांची रीघ लागते.

२०११ सालच्या माघातली गोष्ट. बँक बंद होण्याची वेळ झाली होती, दुकानात तुरीची पोती उतरत होती आणि माझा पुतण्या शाळेतून नुकताच आला होता. त्याचे वय सोळा. खुंटीवरची मोटरसायकलची किल्ली काढून मीच त्याच्या हाती दिली. "काका, आलोच," एवढेच तो म्हणाला. परतताना दिवस मावळला होता. मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली त्याला अंधारात दिसली नाही. जीव वाचला, पण मांडीचे हाड मोडले, आठ महिने अंथरुणात गेले आणि त्या वर्षीची दहावीची परीक्षा बुडाली. गाडी माझ्या नावावर, किल्ली माझ्या हातची, काम माझ्या दुकानाचे. भावजय मला एका शब्दानेही बोलली नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते.

बंधूंनो, कायदा याविषयी अगदी स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी सार्वजनिक रस्त्यावर मोटार वाहन चालविता येत नाही. सोळाव्या वर्षी जी सवलत आहे ती फक्त ५० सीसीपर्यंतच्या लहान दुचाकीपुरती, आणि तीही परवाना काढूनच. दुकानातल्या मोटरसायकलीचा तिच्याशी काही संबंध नाही. २०१९ साली या कायद्यात कलम १९९-अ घालण्यात आले. त्यानुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक अथवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलास पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही, अशी तरतूद आहे. आपल्याला ठाऊक नव्हते, किंवा आपण अटकाव करण्याची शिकस्त केली, हे पालकानेच सिद्ध करावयाचे असते. शिवाय परवाना नसलेल्या हाती गाडी देऊन अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाईची रक्कम गाडीमालकाकडून वसूल करू शकते. एका संध्याकाळच्या सोयीपायी पेढी बुडू शकते, ती अशी.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगर येथे मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले, हे आपण वाचलेच असेल. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता आणि तो बारावीच्या निकालाचा आनंद साजरा करून परतत होता, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. परीक्षेत उत्तीर्ण झाल्याचे बक्षीस म्हणून वाहन देण्याची जी रीत पडत चालली आहे, तिचा विचार या एका घटनेवरून करावा. गुण आणि परवाना यांचा परस्परांशी संबंध नाही.

योग्य क्रम असा आहे. अठरा पूर्ण झाल्यावर शिकाऊ परवाना काढावा. तो सहा महिने चालतो. शिकताना मोटारीत शेजारी परवानाधारक माणूस असावा व गाडीवर 'एल' अक्षराची पाटी असावी. किमान तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. बसवकल्याणला परिवहन कचेरी झाल्यापासून आपल्याला बिदरची खेपही पडत नाही. शक्य तर शिकविण्याचे काम प्रशिक्षण शाळेवर सोपवावे. बाप शिकवू लागला की गाडीपेक्षा आवाज मोठा होतो. दुचाकीवर पुढच्या व मागच्या, दोघांच्याही डोक्यावर शिरस्त्राण हवे. पक्का परवाना हाती आला तरी पहिले सहा महिने दिवस मावळल्यावर हमरस्त्यावर जाऊ देऊ नये, असा नियम मी घरात केला आहे. तो नियम कायद्याचा नाही, अनुभवाचा आहे.

पुढील प्रवेश

येथे मात्र माझी चूक उलट्या प्रकारची होती. २०१३ साली धाकट्या मुलाने सामाईक प्रवेश परीक्षा दिली. तिच्या निकालानंतर विद्यार्थ्याने आपल्या पसंतीची महाविद्यालये व शाखा क्रमवार भरावयाच्या असतात. त्याची ओढ शेतीशास्त्राकडे होती. मी शेजारी बसून यादी सांगितली आणि वर बंगळूरची अभियांत्रिकी महाविद्यालये लिहविली. कारण आमच्या सोयऱ्यांचा मुलगा तेथे होता. "अण्णा, मला ते नको," असे तो दोनदा म्हणाला. मी म्हणालो, "आधी मिळू तर दे." मिळाले. दुसऱ्या सत्रात तो वाळून घरी परत आला. वर्ष गेले, शुल्क गेले. पुढील वर्षी पुन्हा परीक्षा देऊन तो रायचूरच्या कृषी विद्यापीठात गेला आणि आज बियाण्यांच्या व्यवसायात सुखी आहे.

म्हणून या यादीचे वर्म प्रत्येक पालकाने समजून घ्यावे. आपल्या क्रमांकाला यादीतील जी सर्वांत वरची जागा मिळू शकते, तीच यंत्र देते. तिच्याखालच्या साऱ्या पसंत्या तेथेच संपतात. म्हणजे जे खरोखर हवे तेच वर लिहावे, प्रतिष्ठेसाठी काही लिहू नये. प्रथम नमुन्यादाखल जागावाटप जाहीर होते. ते पाहून यादी बदलता येते. प्रत्यक्ष वाटपानंतर चार मार्ग असतात : जागा स्वीकारणे, जागा राखून वरच्या पसंतीची वाट पाहणे, जागा सोडून पुढील फेरीत राहणे, अथवा बाहेर पडणे. यादी भरताना मुलाने स्वतः बसावे. बापाने शुल्काची मर्यादा सांगावी आणि बाजूस व्हावे.

कागदपत्रे हे मात्र बापाचेच काम. घटनेच्या ३७१-ञ कलमामुळे बिदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर, कोप्पळ व बळ्ळारी या भागातील स्थानिकांना २०१३ पासून विभागातील शिक्षणसंस्थांत ७० टक्के व राज्यात अन्यत्र ८ टक्के जागा राखीव आहेत. त्यासाठीचा दाखला उपविभागाचे सहायक आयुक्त देतात. जन्म, वास्तव्य व शाळा यांचे कागद जुळविण्यात दिवस जातात, म्हणून पदवीपूर्व दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीतच अर्ज करावा. राज्यात सात वर्षे शिक्षण झाल्याचा दाखलाही लागतो. त्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची सही असावी. ज्यांना महाराष्ट्रात शिकावयाचे आहे, त्यांच्यासाठी तेथे वादग्रस्त सीमाभागातील ८६५ गावांच्या मराठी भाषिक विद्यार्थ्यांना काही अभ्यासक्रमांत निराळी सोय आहे. आपले गाव त्या यादीत आहे काय आणि त्या अभ्यासक्रमाचा नियम काय, हे आधी पाहूनच मुलास लातूर वा सोलापूर येथे धाडावे. कलबुर्गीजवळ कडगंची येथील केंद्रीय विद्यापीठाचा मार्ग आणखी निराळा आहे. तेथे अखिल भारतीय सामाईक परीक्षेतून प्रवेश मिळतो. अशा संस्था घराजवळ असता केवळ दूर आहे म्हणून बंगळूर श्रेष्ठ मानण्याचे कारण नाही.

समारोप

यंदा माझी नात बारावीस होती. मार्गशीर्षात तिला अठरा पूर्ण झाली. तेव्हाच तिने विचारले, "आजोबा, आता गाडी शिकू ना?" मी म्हणालो, "परीक्षा होऊ दे, वैशाखात शीक." ती थांबली. पसंतीची यादी तिने स्वतः भरली आणि मला वाचून दाखविली. तिसऱ्या नावावर माझे मत निराळे होते. मी ते एकदा सांगितले व गप्प बसलो. तिने नाव बदलले नाही.

मोटरसायकलची किल्ली आमच्या दुकानात आता खुंटीवर नसते. ती तिजोरीत असते. परवाना पक्का झाला त्या दिवशी नातीला घरच्या मोटारीची किल्ली मी तिजोरीतून काढून दिली, आणि त्या वेळी पुतण्याही जवळ उभा होता. तो अजून किंचित लंगडतो. "बाई, दिवस मावळायच्या आत घरी ये," एवढेच तो तिला म्हणाला. आपण सर्व पालकांनी एवढे जरी पाळले, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.

— एक घाऊक धान्य व्यापारी, राजेश्वर