बिल एकदाच, विक्रीच्या वेळी

वाशीम जिल्ह्यातल्या कृषी सेवा केंद्राचं वर्ष जूनमध्ये ठरतं. सोयाबीन हे इथलं खरिपाचं मुख्य पीक. पेरणीजोगा पाऊस झाला की रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत सहाही तालुक्यांत बियाणं, खत आणि तणनाशक घेणाऱ्यांची एकच गर्दी उसळते, आणि त्यातली बरीचशी विक्री सोयाबीन निघाल्यावर फेडायच्या उधारीवर होते. अशा दुकानात एका थैलीची नोंद किती ठिकाणी होते ते मोजून पाहावं. काउंटरवर कच्ची चिठ्ठी, उधारीच्या वहीत नाव, साठा रजिस्टरात घट, संगणकात बिल, आणि खत असेल तर पॉस मशीनवर शेतकऱ्याचा अंगठा. एकच व्यवहार पाच ठिकाणी उतरतो, तोही वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या हातांनी. याला कंटाळून ‘आता कारभार सोपा करायचा’ असं दुकानदार ठरवतो, तेव्हा त्याच्या मनात सहसा दोनच उपाय असतात. एक तर लिहिणं कमी करायचं, नाही तर सॉफ्टवेअर घ्यायचं. माझ्या मते या दोन्हींच्या मुळाशी गैरसमज आहे. गुंता होतो तो तीच गोष्ट पुन्हा पुन्हा आणि उशिरा लिहिल्यामुळे.

लिहिणं कमी करण्याचा मोह पहिला बळी घेतो तो पक्क्या बिलाचा. उधारीचा माल आहे, आत्ता चिठ्ठी देऊ, पैसे आले की बिल फाडू, अशी पद्धत रूढ आहे आणि ती सोयीचीही वाटते. परंतु बियाणे नियंत्रण आदेश 1983 आणि खत नियंत्रण आदेश 1985 या दोन्हींनुसार विक्री रोखीची असो वा उधारीची, खरेदीदाराला बिल द्यावंच लागतं. कीटकनाशकांच्या नियमांतही तेच आहे. यात आणखी एक घोटाळा होतो. जीएसटी कायद्यात 200 रुपयांखालच्या किरकोळ विक्रीला, गिऱ्हाईक नोंदणीकृत नसेल आणि त्याने मागितलं नसेल तर, वेगळं बिल न देता दिवसाअखेर एकत्र बिल करण्याची मुभा आहे. किराणा दुकानदाराला ही खरीखुरी सवलत आहे आणि त्याने ती जरूर वापरावी. बियाणं, खत आणि औषध विकणाऱ्याने मात्र तिच्यावर विसंबू नये, कारण त्याच्यावर बिलाचं बंधन दुसऱ्या कायद्यांतून आलेलं आहे. हे बंधन निरर्थक नाही, हे 2020 च्या खरिपाने दाखवून दिलं. त्या वर्षी विदर्भात आणि मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही अशा तक्रारींचा पाऊस पडला, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आपणहून त्याची दखल घेतली. तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतात पंचनाम्याला येते तेव्हा शेतकऱ्याकडे बिल, थैलीवरचा टॅग आणि लॉट नंबर लागतो. बिल नसेल तर शेतकऱ्याची बाजू लंगडी पडते, आणि बियाणं कंपनीचं होतं हे सिद्ध करणं दुकानदारालाही जड जातं. उधारी हा विश्वासाचा व्यवहार आहे, लिहून दिलं की गिऱ्हाईक दुखावतं, असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की इथे कागद शेतकऱ्याच्या हातात जातो आणि अडचणीच्या दिवशी पहिल्यांदा त्याच्याच कामी येतो.

आता सॉफ्टवेअर. संगणकावर बिल केल्याने बेरजा बिनचूक होतात, साठा आपोआप वजा होतो, जुनी बाकी क्षणात सापडते; हे फायदे खरे आहेत. मात्र ते मिळायला विक्री घडते त्याच क्षणी नोंद व्हावी लागते. दिवसभर चिठ्ठ्या आणि रात्री त्या संगणकात उतरवणं अशी रीत असेल, तर सॉफ्टवेअरने पाच नोंदींपैकी एकही कमी केलेली नसते. पॉस मशीनचा अनुभव हेच सांगतो. 2018 पासून देशभर अनुदानित खताची विक्री या मशीनवर आधारची ओळख पटवून होते, आणि त्या विक्रीच्या हिशेबानेच खत कंपनीला केंद्राचं अनुदान मिळतं. गर्दीत थैल्या देऊन टाकल्या आणि अंगठे नंतर घेऊ म्हटलं, की मशीनवर साठा जास्त आणि गोदामात कमी दिसतो. तपासणीत नेमका हाच फरक विचारला जातो, आणि तो जुळवण्यात जाणारा वेळ अंगठा लगेच घेण्यापेक्षा कितीतरी अधिक असतो. यंत्र इथे पुरेसं चांगलं आहे. कामाचा क्रम चुकलेला आहे.

‘एवढी शिस्त मोठ्या कारखान्याला, आमच्या दोन गाळ्यांच्या दुकानाला कशाला?’ हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो, कारण या विषयावरचा बराच पुरावा खरोखर मोठ्या उद्योगांतून आलेला आहे. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारापूर-उंबरगाव पट्ट्यातल्या कापड गिरण्यांत केलेला प्रयोग 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. दोषांची रोज नोंद, सुताचा साठा नीट लावणं, यंत्रांची ठरलेली देखभाल अशा साध्या सवयी लावल्यावर पहिल्याच वर्षी उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली. या गिरण्यांत शेकडो कामगार होते, तेव्हा तो आकडा जसाच्या तसा मंगरूळपीरच्या दुकानाला लावणं चूक ठरेल. पण डॉमिनिकन प्रजासत्ताकात हजाराहून अधिक अगदी छोट्या व्यावसायिकांवर झालेला दुसरा अभ्यास आहे, 2014 मध्ये प्रसिद्ध झालेला. काहींना रीतसर हिशेबशास्त्र शिकवलं, काहींना फक्त ढोबळ नियम दिले. त्यातला एक म्हणजे घरचा पैसा आणि धंद्याचा पैसा वेगळ्या खणात ठेवा. हिशेबशास्त्राच्या शिकवणीने ठळक फरक पडला नाही, ढोबळ नियमांनी पडला. दुकान जितकं लहान, तितकी पद्धत साधी हवी, असा मी त्याचा अर्थ लावतो. पद्धतच नको, असा तो निघत नाही. सगळं मालकाच्या डोक्यात आहे, ही गोष्टही वरवर साधीच दिसते. पण मालक लग्नाला किंवा दवाखान्यात गेला की काउंटरवरच्या मुलाला कोणाची किती बाकी, कोणता लॉट आधी काढायचा, काहीच सांगता येत नाही.

सोपं तेच स्वस्त, हा समजही तपासून घ्यावा. जीएसटीची कंपोझिशन योजना दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीला खुली आहे. व्यापाऱ्याने करपात्र विक्रीवर 1 टक्का कर तिमाहीला भरायचा आणि विवरणपत्र वर्षातून एकदा. कागद निश्चित कमी होतात. मात्र हा 1 टक्का गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही आणि खरेदीवर दिलेल्या कराची वजावटही मिळत नाही. खतासारख्या जेमतेम नफ्याच्या मालात तो बोचतो. त्यामुळे आपल्या विक्रीत खत किती, औषधं किती, हे पाहूनच निर्णय घ्यावा.

राहिला सर्वांत खरा आक्षेप: पेरणीच्या गर्दीत प्रत्येकाला बिल करायला वेळ कुठून आणायचा? दुकानदार वेळ मोजतो तो फक्त काउंटरवरचा. रात्री चिठ्ठ्या जुळवण्याचा, दिवाळीत वसुलीच्या वेळी बाकीवरून होणाऱ्या वादांचा तो धरत नाही. शिवाय काउंटरवरचा वेळ आधीच्या तयारीने घटवता येतो. माल उतरतानाच लॉटप्रमाणे थप्प्या लावाव्यात, एका वाणाचा एकच लॉट फोडावा, तो संपल्यावर दुसरा. त्या दिवसाच्या वाणाचं नाव, लॉट आणि दर सकाळीच बिलबुकात किंवा संगणकात तयार असले, तर गिऱ्हाइकासमोर नाव, गाव, थैल्या आणि रोख की उधार एवढंच भरायचं राहतं. उधारीची वही आणि साठा रजिस्टर यांत त्या बिलावरूनच उतरवावं, आणि कच्ची चिठ्ठी बंद करावी. हा बदल जूनमध्ये करायला जाऊ नये. एप्रिलमध्ये हरभऱ्याचा हंगाम सरलेला असतो, गोदामात माल सर्वांत कमी असल्याने मोजणी एका दिवसात होते, नवं आर्थिक वर्षही तेव्हाच सुरू होतं, आणि मृगाच्या आधी काउंटरवरच्या मुलाला सरावाला दोन महिने मिळतात.